ट्राउट नसलेल्या नद्या : घोड, भीमा आणि एका माशाच्या नावाची दोनशे वर्षे

१/
शिरूर हे गाव इतिहासप्रेमींना सहसा दोन कारणांनी ठाऊक असते. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी येथूनच कोरेगावकडे निघाली. आणि ‘पूना हॉर्स’ ह्या घोडदळाचे ठाणे दीर्घकाळ येथे होते. तिसरे कारण फारसे कोणी सांगत नाही. प्राणिशास्त्राच्या जागतिक सूचींमध्ये ‘सेरूर येथील गोरेह नदी’ असा एक पत्ता १८३९ पासून नोंदलेला आहे. सेरूर म्हणजे शिरूर आणि गोरेह म्हणजे घोड. हा पत्ता एका माशाचा आहे.

२/
त्या माशाच्या नावाने पुढे पावणेदोनशे वर्षे एक मोठा घोटाळा चालू राहिला. त्याची झळ शिरूरला नव्हे, तर तेथून शेकडो कोस दक्षिणेला कावेरीच्या पात्रात पोहू पाहणाऱ्या एका वेगळ्याच माशाला लागली. ही कथा समजून घ्यायची तर आरंभ थोडा लांबून, म्हणजे इंग्लंड-स्कॉटलंडच्या थंड ओढ्यांपासून आणि तेथल्या ‘ब्राउन ट्राउट’पासून करावा लागतो. हा मासा भीमेच्या खोऱ्यात कधीच आला नाही. तो येथे रुजणे शक्य नव्हते, म्हणूनच पुढचे सारे घडले.

३/
ब्राउन ट्राउट हा युरोपातील मासा. १७५८ मध्ये लिनीयसने त्याला ‘साल्मो ट्रुट्टा’ असे शास्त्रीय नाव दिले. त्याला पकडण्याची एक खास रीत म्हणजे फ्लाय फिशिंग. गळाला गांडूळ किंवा पिठाची गोळी लावायची नाही. पिसे, लोकर आणि रेशमाचा धागा गुंडाळून गळाचीच एक कृत्रिम माशी करायची आणि ती पाण्यावर अशी टाकायची की खरा कीटक अलगद उतरला असे माशाला वाटावे. त्या माशीला स्वतःचे वजन जवळजवळ नसते. ती दूर जाते ती जड दोरीच्या आणि लवचीक काठीच्या जोरावर. सगळे कौशल्य ह्या फेकीत असते.

४/
ब्रिटनमध्ये ह्या मासेमारीचा हंगाम वसंताच्या आरंभी सुरू होतो. ट्राउट शरद ऋतूच्या अखेरीस आणि हिवाळ्यात अंडी घालतो. त्या श्रमाने आणि थंडीने तो रोडावलेला असतो. मार्च-एप्रिलमध्ये पाणी किंचित उबदार झाले की नदीच्या तळाशी वाढलेले कीटक पृष्ठभागावर येऊन पंख पसरतात आणि भुकेला ट्राउट त्यांच्यावर तुटून पडतो. हंगामाचे हे पहिले आठवडे गळवाल्याला सर्वांत प्रिय असतात. कोणत्या दिवशी कोणता कीटक उडतो, हे ओळखणे ही त्याची अर्धी विद्या असते.

५/
ह्या कलेची जुनी नोंद इ.स. २०० च्या सुमारास रोमन लेखक ईलियन ह्याने केली. मॅसिडोनियातील लोक अॅस्ट्रियस नदीतील ठिपकेदार मासे लाल लोकर आणि पिसे बांधलेल्या गळाने पकडतात, असे तो सांगतो. इंग्रजीत गळाच्या मासेमारीवरील प्रसिद्ध जुना ग्रंथ १४९६ मध्ये छापला गेला. इंग्रजी वाचणाऱ्या जगात हा इतिहास बहुधा ह्याच दोन पायऱ्यांनी सांगितला जातो. ह्या दोहोंच्या मधली एक मोठी पायरी दख्खनमध्ये आहे.

६/
कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर ह्याने सुमारे ११३० मध्ये ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राज्यकारभारापासून पाककृतींपर्यंत शेकडो विषय त्यात आहेत. राजाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे, म्हणजेच गळाने मासे धरण्याचा खेळ. माशांच्या जाती, त्यांचे वावरण्याचे प्रदेश, कोणत्या जातीला कोणते खाद्य आवडते, ठराविक जागी खाद्य टाकून माशांना सवय कशी लावावी, काठी, दोरी आणि गळ कसे असावेत, ह्यांचे विवेचन त्यात येते.

७/
विसाव्या शतकात मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा ह्यांनी ह्या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. इंग्लंडमधील १४९६ च्या ग्रंथाहून ‘मत्स्यविनोद’ साडेतीनशे वर्षांहून अधिक जुना आहे. तेव्हा ‘मासेमारीचा खेळ इंग्रजांनी भारतात आणला’ हे विधान अपुरे ठरते. इंग्रजांनी आणली ती पिसांची माशी, दूरवर फेकण्याची काठी, आणि ट्राउटभोवती विणलेली एक आठवण.

८/
१८०२ च्या वसईच्या तहानंतर पेशव्याच्या रक्षणाच्या नावाखाली कंपनीची तैनाती फौज ह्या प्रदेशात आली आणि शिरूर ही तिची महत्त्वाची छावणी झाली. ह्या फौजेचा प्रमुख कर्नल विल्यम वॉलेस १८०९ मध्ये येथेच वारला. त्याच्या थडग्याला पुढे स्थानिक लोक ‘सत्पुरुष’ मानून नैवेद्य दाखवू लागले, ही ह्या गावाच्या इतिहासातील एक विलक्षण गोष्ट. छावणीच्या जवळूनच घोड वाहत होती. दूरदेशी आलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांपैकी अनेकांचे बालपण ओढ्यांकाठी गळ टाकण्यात गेलेले असे.

९/
एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश माणूस जेथे गेला तेथे ट्राउट नेण्याचा प्रयत्न त्याने केला. १८६४ मध्ये ‘नॉरफोक’ जहाजातून बर्फ आणि शेवाळात जपलेली अंडी टास्मानियाला पोहोचली आणि तेथून न्यूझीलंडला ट्राउट गेला. भारतात फ्रान्सिस डे ह्याने १८६० च्या दशकात नीलगिरीत केलेला प्रयत्न फसला. १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून आलेल्या अंड्यांतून काश्मीरच्या ओढ्यांत ब्राउन ट्राउट रुजला. नीलगिरीच्या उंच पाण्यात विसाव्या शतकाच्या आरंभी दुसरा, म्हणजे रेनबो ट्राउट स्थिरावला.

१०/
भीमेच्या खोऱ्यात मात्र हे घडणे शक्यच नव्हते. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर गेले की ब्राउन ट्राउट अस्वस्थ होतो आणि २५ अंशांच्या आसपास त्याचा जीव धोक्यात येतो. अंडी उबण्यासाठी तर त्याहून पुष्कळ थंड पाणी लागते. एप्रिल-मे महिन्यांत दौंड किंवा शिरूरच्या डोहांतील पाणी हात घातला तरी कोमट लागते. ह्या नद्या बर्फावर नव्हे, मोसमी पावसावर जगतात.

११/
भूगोल थोडक्यात असा. घोड नदी सह्याद्रीत आहुपे परिसरात उगम पावते, आंबेगाव तालुक्यातून उतरते, कुकडीला पोटात घेते आणि शिरूरवरून पुढे जाऊन भीमेला मिळते. पुण्याकडून येणारी मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेत शिरते. हे सगळे पाणी घेऊन भीमा दौंडवरून पेडगावच्या किल्ल्याखालून वाहते. पावसाळ्यात गढूळ महापूर, हिवाळ्यात नितळ धार, उन्हाळ्यात तुटक डोह, असे ह्या नद्यांचे वर्ष असते.

१२/
म्हणून येथल्या माशांचे पंचांगही ब्रिटनच्या उलट आहे. मृगाच्या पहिल्या पुरात मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर निघतात. मराठीत त्यांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात. काही भागांत ‘वलगणीचे मासे’ असेही म्हणतात. ओढे, नाले, भाताची खाचरे ह्यांत शिरलेले हे मासे धरण्यासाठी गावे लोटतात. पूर ओसरून पाणी निवळू लागले की मोठे मासे पुन्हा खालच्या डोहांकडे सरकतात. गळवाल्यांचा हंगाम तेव्हा, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास उघडतो. ब्रिटनमध्ये वसंत आणतो ती भूक येथे शरद आणतो.

१३/
ह्या नद्यांतील माशांचा पहिला शास्त्रीय अभ्यास करणारा माणूस होता विल्यम हेन्री सायक्स. १८२४ मध्ये मुंबई सरकारने, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, त्याला ‘स्टॅटिस्टिकल रिपोर्टर’ नेमले. नव्याने जिंकलेल्या दख्खनमधील पिके, शेतसारा, लोकसंख्या, हवामान ह्यांची मोजदाद करणे हे त्याचे काम. ही मोजदाद करता करता तो पक्षी, प्राणी आणि मासे ह्यांच्याही नोंदी ठेवत गेला. १८३१ मध्ये तो भारतातून परतला. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्षही झाला. दख्खनच्या माशांवरील त्याचा निबंध लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे मांडला गेला आणि १८३९ मध्ये त्याचा गोषवारा, तर १८४१ मध्ये चित्रांसह पूर्ण लेख प्रसिद्ध झाला.

१४/
चाळीसहून अधिक मासे त्याने त्यात वर्णिले. त्याचे वेगळेपण नावांत आहे. काही नावे त्याने लंडनच्या विद्वान मित्रांवरून ठेवली. परंतु बहुसंख्य नावे त्याने येथल्या बोलीतून उचलली. शिंगटीचा झाला ‘सीन्गटी’, मळ्याचा झाला ‘मुल्या’, कोळसाचा झाला ‘कोलस’. चाकणजवळच्या इंद्रायणीत सापडलेल्या, नाकावर उंचवटा असलेल्या माशाचे नाव त्याने ‘नुक्टा’ ठेवले. भीमेवरचे पेडगाव त्याच्या लेखनात ‘पैरगाव’ होऊन येते. लॅटिनच्या वेषात मराठी शब्द थेट युरोपच्या ग्रंथालयांत जाऊन बसले, आणि आजही बसलेले आहेत.

१५/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे असा एक प्रश्न आहे. ही नावे सायक्सला कोणी सांगितली? घोड, भीमा आणि मुळा-मुठेच्या काठी जाळी टाकणारे भोई आणि कोळी ह्यांच्यावाचून हे ज्ञान त्याच्यापर्यंत पोहोचणे शक्य नव्हते. कोणता मासा कोणत्या डोहात राहतो, लहानपणी एका नावाने आणि मोठेपणी दुसऱ्या नावाने ओळखला जाणारा मासा एकच की दोन, ही पारख त्यांची होती. निबंधावर नाव एकाचे आहे. त्यामागची शब्दसंपदा एका समाजाची आहे. माशांची नावे हाच त्या अनामिक जाणकारांचा उरलेला दस्तऐवज.

१६/
ह्या यादीतील दोन मासे आपल्या कथेचे नायक. पहिला शिरूरच्या घोडेतला, ‘बार्बस मुसुल्ला’. हा आकाराने फार मोठा वाढणारा मासा. दुसरा पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेच्या पात्रात मिळालेला, ‘बार्बस खुद्री’. हा आज ‘टोर खुद्री’ म्हणून ओळखला जातो आणि तो महसीर आहे. मराठीत त्याला खडशी असेही म्हणतात. मोठे खवले, जाड ओठ, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या आणि खळाळत्या पाण्यातली प्रचंड ताकद ही त्याची ओळख. गंगेच्या खोऱ्यातील त्याच्या भाऊबंदांना हॅमिल्टनने १८२२ मध्येच नावे दिली होती.

१७/
ट्राउटला मुकलेल्या इंग्रज गळवाल्यांना महसीरमध्ये त्याचा पर्याय गवसला. मद्रास प्रांतातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस ह्याचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि गळवाल्यांचा तो आधारग्रंथच झाला. झुंजीच्या बाबतीत महसीर हा सामन माशालाही भारी आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. पिसांच्या माशीला येथील लहान चेल्वा आणि कोवळे महसीर झडप घालतात. मोठ्या महसीरसाठी मात्र चमच्याच्या आकाराचे चकाकते आमिष किंवा लहान मासा वापरावा लागे. साधने ट्राउटची, ती वाकवली गेली दख्खनच्या माशासाठी.

१८/
ह्याच काळात ‘नद्यांतले मासे संपत चालले’ ही हाकाटीही सुरू झाली. १८७३ मध्ये फ्रान्सिस डे ह्याचा गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसायावरील अहवाल आला. बारीक विणीची जाळी आणि अंडी घालायला निघालेल्या माशांची धरपकड ह्यांवर त्यात मोठा ठपका होता. १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्याने सुरुंगाची दारू आणि विष वापरून मासे मारण्यास बंदी केली. चढणीच्या माशांबाबतची चिंता अनाठायी नव्हती. परंतु नियम बनवताना एक पंक्तिप्रपंचही झाला. पोटासाठी जाळे टाकणारा तो ‘नाश करणारा’, आणि विरंगुळ्यासाठी गळ टाकणारा तो ‘रक्षक’, अशी विभागणी रुळत गेली.

१९/
वास्तविक चढणीच्या वाटेवर सर्वांत मोठा अडसर उभा राहत होता तो दगडी भिंतींचा. माशांना वर जाता येईल अशी वाट नसलेले बंधारे किती घातक आहेत, हे स्वतः डेनेही नोंदवले होते. तरी मुठेवर खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले. स्वातंत्र्यानंतर घोडेवर चिंचणीला धरण झाले, पुढे डिंभे झाले, आणि १९८० मध्ये भीमेवर उजनी उभे राहिले. ह्या धरणांनी शिरूर, दौंड, इंदापूरच्या दुष्काळी शिवारांत ऊस आणला, पिण्याचे पाणी आणले. ते विसरून चालणार नाही. त्याच धरणांनी वाहत्या पाण्यातल्या माशांचा रस्ताही तोडला.

२०/
आता पुन्हा ‘मुसुल्ला’कडे. सायक्सचा मूळ नमुना पुढच्या अभ्यासकांना हाताळता आला नाही; हाती उरले ते त्रोटक वर्णन. एवढा मोठा मासा म्हणजे महसीरच असणार, असे गृहीत धरून विसाव्या शतकात ‘टोर मुसुल्ला’ हे नाव रूढ झाले. आणि हे नाव चिकटले ते कावेरीच्या खोऱ्यातील पाठीवर कुबड असलेल्या अजस्र महसीरला. ह्याच कुबड्या महसीरच्या कुळातील १२० पौंडांचा मासा १९४६ मध्ये काबिनी नदीत गळाने पकडला गेला आणि जगभर गाजला. शिरूरचे नाव असे कावेरीवर जाऊन बसले.

२१/
दरम्यान लोणावळ्यात एक निराळे प्रकरण आकार घेत होते. धरणांमुळे महसीर संपत आहेत हे पाहून टाटा विद्युत कंपन्यांनी १९७० च्या दशकात आपल्या तलावांकाठी महसीरचे बीज तयार करण्यास आरंभ केला. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे माजी संचालक चं. वि. कुलकर्णी ह्यांनी कृत्रिम प्रजननाचे तंत्र बसवण्यात पुढाकार घेतला. सायक्सचा खुद्री आता टाक्यांत जन्मू लागला. भारतातील मत्स्यसंवर्धनाच्या इतिहासात हे काम मोलाचे आहे आणि त्यामागचा हेतू निखळ होता.

२२/
लोणावळ्याचे हे बीज अनेक राज्यांना दिले गेले. त्यातले काही कावेरीत सोडले गेले. तेथे गळवाल्यांच्या छावण्या भरत. पकडलेला मासा मोजून पुन्हा पाण्यात सोडण्याची शिस्त त्या पाळत. नदीत महसीर वाढावेत, खेळही चालावा आणि मासाही वाचावा, असा हिशेब होता. मात्र कावेरीचा मूळचा महसीर आणि बाहेरून आलेला खुद्री हे दोन वेगळे मासे आहेत, ही जाणीव त्या हिशेबात नव्हती. दोघेही ‘महसीर’, मग फरक कसला?

२३/
फरक केवढा, हे उलगडायला तीन पावले पडावी लागली. २०१३ मध्ये नाइट, राय आणि डिसूझा ह्या संशोधकांनी दाखवले की सायक्सचा मुसुल्ला महसीर नाहीच. तो ‘हिप्सेलोबार्बस’ ह्या वेगळ्या प्रजातीगटातला मासा आहे. म्हणजे कावेरीच्या कुबड्या महसीरला एकाएकी शास्त्रीय नावच उरले नाही. २०१५ मध्ये एड्रियन पिंडर आणि सहकाऱ्यांनी १९९८ ते २०१२ ह्या काळातील गळवाल्यांच्या नोंदी तपासल्या. कुबडा महसीर झपाट्याने घटत गेला आणि खुद्री वाढत गेला, असे त्यातून निघाले. २०१८ मध्ये कुबड्या महसीरची ओळख ‘टोर रेमादेवी’ ह्या नावाने निश्चित झाली आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला.

२४/
इतिहासाचा विरोधाभास येथे पुरता उघड होतो. कावेरीच्या राजमाशाला चुकीचे नाव मिळाले ते शिरूरच्या माशाचे. आणि त्याच्या घरात शिरलेला पाहुणाही पुण्याच्याच नद्यांतून शास्त्राला ठाऊक झालेला खुद्री. नाव चुकल्यामुळे तो मासा स्वतंत्र आहे हेच दिसेना. आणि जे दिसत नाही त्याचे रक्षण कोण करणार? कावेरीच्या ऱ्हासाला धरणे, वाळूउपसा, सुरुंग अशी इतरही कारणे आहेत. परंतु वर्गीकरणातली एक चूक दीड-पावणेदोनशे वर्षांनी एका जिवंत प्राण्याच्या अस्तित्वाशी येऊन भिडते, ह्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडते.

२५/
ब्राउन ट्राउटची कथाही अखेर ह्याच वळणावर पोहोचली. ज्या माशाची अंडी बर्फात जपून जगभर नेली, तो आज जगातील शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत आहे. न्यूझीलंडमधील मूळच्या लहान माशांना त्याने अनेक ओढ्यांतून हुसकावले. भीमेला ट्राउट मानवला नाही, हे एका अर्थी तिचे भाग्य. परंतु ‘चांगला मासा कुठल्याही नदीत सोडावा, नदी समृद्धच होईल’ ही ट्राउटबरोबर प्रवास करणारी समजूत मात्र येथे आली आणि स्वदेशी माशांच्या रूपात पुढे चालू राहिली.

२६/
आणि ज्या नद्यांनी शास्त्राला ही नावे दिली त्यांचे आज काय? मुळा-मुठा पुणे शहराचे सांडपाणी घेऊन दौंड तालुक्यात उतरते. उजनीच्या फुगवट्याने भीमेच्या धारेचे संथ जलाशयात रूपांतर झाले. भिगवणच्या बाजारात आणि खानावळींत आज सर्वांत परिचित मासा कोणता, तर ‘चिलापी’, म्हणजे १९५२ मध्ये भारतात आणलेला आफ्रिकेचा तिलापिया. त्याच्या जोडीला गंगेच्या खोऱ्यातले कटला आणि रोहू. हजारो कुटुंबांची चूल ह्या माशांवर पेटते, हे खरे. वाहत्या, प्राणवायूयुक्त पाण्यावर जगणाऱ्या खडशीला मात्र ह्या पाण्यात जागा उरलेली नाही, हेही तितकेच खरे.

२७/
खडशी जेथे टिकला तेथे बहुधा श्रद्धेने टिकवला. देहूला इंद्रायणीच्या डोहातले मासे पिढ्यान्‌पिढ्या कोणी मारले नाहीत. घाटाखाली महाडजवळच्या वाळण कोंडीत देवीचे म्हणून महसीर जपले गेले. ‘देवाचा मासा’ ही कल्पना कुठल्याही मत्स्य कायद्याहून जुनी आहे. तिची मर्यादा एवढीच की ती जाळे रोखते, गळ रोखते; वरून वाहत येणारे सांडपाणी रोखण्याची ताकद तिच्यात नाही.

२८/
१९४२ मध्ये फ्रेझर ह्याने ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात पुण्याच्या माशांची यादी प्रसिद्ध केली, पुढे पुण्यातील अभ्यासकांनी त्या यादीशी आजचे पात्र ताडून पाहिले. अशी ताडणी करता येते ती सायक्सने आणि त्याला नावे सांगणाऱ्यांनी मागे एक मोजपट्टी ठेवली म्हणून. घोडेकाठी, भीमेकाठी आजही काही वयस्क मच्छीमार अशी नावे उच्चारतात, जी नव्या पिढीने ताटात सोडाच, पाण्यातही पाहिलेली नाहीत. शिलालेखांचे ठसे घेणाऱ्यांनी, मोडीतील कागद उलगडणाऱ्यांनी ही नावेही उतरवून घ्यावीत: नाव, गाव, डोह आणि तो मासा शेवटचा दिसला ते वर्ष. एका नावाची नोंद चुकली तेव्हा काय झाले, ते कावेरीने दाखवले आहे.

(धागा समाप्त)